अल्झायमर आणि सप्लिमेंट: कोणती बाटली घ्यायची, कोणती शेल्फवरच राहू द्यायची

नागपुरात धरमपेठेत असो की महालात, औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला हल्ली एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरचा फोटो समोर धरूनच येतो. "भाऊ, बाबा फार विसरून राहिले, हे आहे का तुमच्याकडे?" फोटोत कधी जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), कधी ब्राह्मी, कधी ओमेगा, कधी नुसतीच 'ब्रेन टॉनिक' लिहिलेली बाटली. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, त्यामुळे काउंटरच्या आतून जे दिसतं आणि संशोधनात जे निघालं तेवढंच सांगतो, कारण "काही उपयोग नाही हो" एवढं म्हणून भागत नाही, माणूस पुढच्या दुकानातून घेतोच, आणि खरं म्हणजे उत्तर तेवढं सरळ नाहीसुद्धा.

आधी आजार काय आहे ते बघू. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली, वय फक्त ५१. साध्या साध्या गोष्टी विसरायची, नवऱ्यावर संशय घ्यायची, स्वतःचं नाव लिहायला घेतलं तर मधेच अडकायची. तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या नोंदी ठेवल्या आणि १९०६ मध्ये ती गेल्यावर तिचा मेंदू मायक्रोस्कोपखाली बघितला. पेशींच्या बाहेर काहीतरी साचलेलं आणि पेशींच्या आत गुंता झालेला. बाहेर साचतं ते अमायलॉइड, आत गुंततं ते टाउ, दोन्ही प्रोटीनच. नवीन आठवण साठवणारा मेंदूचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, तो लवकर मार खातो, म्हणून आजोबांना १९६५ सालची शाळा आठवते पण सकाळी पोहे खाल्ले की नाही ते आठवत नाही.

आता यातली खरी गोम अशी की हे साचणं लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे घरच्यांच्या लक्षात येतं तोवर मेंदूतल्या कितीतरी पेशी गेलेल्या असतात, आणि गेलेली पेशी कुठल्याच गोळीनं परत येत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मंजुरी मिळाली, हे अमायलॉइड खरंच साफ करतं, चाचणीत ते सलाईनसारखं शिरेतून दिलं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला वारंवार एमआरआय करावे लागतात, आणि एवढं सगळं करून दीड वर्षात आजाराचा वेग साधारण २७ टक्क्यांनी कमी झाला. कमी झाला, थांबला नाही. आणि हे फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. मग नऊशे रुपयांच्या बाटलीवर 'स्मरणशक्ती परत मिळवा' लिहिलेलं असेल तर त्या बाटलीला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे मिळणाऱ्या गोळ्या, डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन, याही आजार थांबवत नाहीत, काही काळ रोजचं जरा बरं चालू ठेवतात. तरी सप्लिमेंट सुरू केलं म्हणून या परस्पर बंद करणारे लोक आहेत, ते करू नका.

पण मी दुकानात सगळ्यात आधी विचारतो ते वेगळंच. अल्झायमरच आहे हे कोणी सांगितलं? कारण विसरणं म्हणजे अल्झायमर असं काही नाही, आणि विसरण्याची काही कारणं अशी आहेत की ती दुरुस्त होतात. थायरॉइड कमी असेल तर माणूस मंद होतो, विसरतो. डिप्रेशनमध्ये, विशेषतः जोडीदार गेल्यावर, म्हातारा माणूस इतका गप्प आणि विसराळू होतो की घरचे डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) समजतात. ऐकायला कमी येत असेल तर सांगितलेलं डोक्यात पोचतच नाही, मग आठवणार कुठून. आणि औषधं! सर्दी-ॲलर्जीच्या त्या जुन्या गोळ्या, ज्या घेतल्या की झोप येते, झोपेच्या गोळ्या, वारंवार लघवी लागते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, या म्हातारपणी डोकं गढूळ करतात. गोळ्यांचे सगळे पत्ते एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतले तर अर्धं निदान तिथंच होतं कधी कधी.

आणखी एक, आपल्या नागपूरचं खास. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, कूलरचं पाणी संपतं, आजी पाणी कमी पितात कारण बाथरूमला उठायचा कंटाळा, वरून बीपीची लघवी वाढवणारी गोळी सुरू. मग एक दिवस अचानक आजी असंबद्ध बोलायला लागतात, घर ओळखत नाहीत. हे एक-दोन दिवसात झालं असेल तर तो अल्झायमर नाही, अल्झायमर असा रात्रीतून येत नाही. बहुतेक वेळा रक्तातलं सोडियम घसरलेलं असतं, पाणी कमी पडलेलं असतं, किंवा लघवीचं इन्फेक्शन असतं. ज्यांना आधीच डिमेन्शिया आहे त्यांनाही हे होतं आणि घरचे म्हणतात "आजार एकदम वाढला". त्या दिवशी ब्राह्मी शोधत फिरू नका, दवाखान्यात न्या.

आता बी १२. या अख्ख्या विषयात मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच्यावर, कारण हे सप्लिमेंट असं आहे की ज्यानं काही लोकांची विसरण्याची तक्रार खरोखर मागे हटते. बी १२ भाजीपाल्यात नसतं, ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यात असतं. पूर्ण शाकाहारी घर, त्यात म्हाताऱ्या माणसाचा आहार म्हणजे अर्धी पोळी, वरण-भात आणि पाणी घातलेलं पातळ ताक, त्यात वयानुसार पोटातलं ॲसिड कमी झालेलं, त्यात डायबिटीससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि सकाळी उपाशीपोटी 'गॅसची गोळी' म्हणजे पँटोप्रॅझोल, तेही वर्षानुवर्षं. शेवटच्या दोन्ही गोळ्या बी १२ कमी करतात. हे सगळं एकाच माणसात असणं नागपुरात अजिबात दुर्मिळ नाही, प्रिस्क्रिप्शन बघितलं की दिसतंच. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं, सोबत विसरणं, असं असेल तर आधी रक्त तपासा. रिपोर्टवर साधारण २०० च्या खाली आलं तर कमतरता धरतात, थोडंसं वर असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन (बी १२ कमी पडलं की रक्तात वाढणारा एक पदार्थ) बघायला सांगतात.

इथं दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. बी १२ कमी असताना फक्त फॉलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळ्यांना वाटतं बरं झालं, आणि आतमध्ये नसांचं नुकसान चालूच राहतं. दुसरी, पत्ता उलटा करून वाचा. आपल्याकडे 'बी १२ ची गोळी' म्हणून जे लोक मागतात त्यातले बरेच पत्ते मिथाइलकोबालामिन आणि प्रिगाबालिन असे जोडून येतात. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी १२, पण प्रिगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध, त्यानं गुंगी येते, चक्कर येते, म्हाताऱ्या माणसाला गोंधळायला होतं. शेजारच्या काकांना पायाच्या आगीसाठी दिलेला पत्ता "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून आईला आणून द्यायचा आणि मग आई जास्तच गळून गेली म्हणायचं, हे असं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं, चष्मा लावा, नाहीतर दुकानात विचारा, आम्ही त्यासाठीच बसलोय.

बरं, मग ज्याला खरोखर अल्झायमर आहे आणि बी १२ नॉर्मल आहे, त्याला वरून आणखी बी १२ दिलं तर? काही नाही. टाकी रिकामी म्हणून नळाला पाणी नसेल तर टँकर बोलवून फायदा, पाइपच फुटला असेल तर टाकी कितीही भरा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अल्झायमरच्या पेशंटना जास्त डोसची बी व्हिटॅमिन दीड वर्ष दिली, होमोसिस्टीन खाली आलं पण आजाराचा वेग तसाच. उलट ऑक्सफर्डच्या २०१० च्या अभ्यासात, जिथं माणसं अजून डिमेन्शियापर्यंत पोचली नव्हती, फक्त विसरण्याची सुरुवात होती, तिथं दोन वर्षांत मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्के कमी दिसला, आणि फायदा जास्त झाला तो ज्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं त्यांना. म्हणजे वेळ आणि कमतरता, या दोन गोष्टींवर सगळं आहे.

व्हिटॅमिन ई ची गोष्ट मजेशीर आहे. एव्हिऑन ही त्याचीच कॅप्सूल आपल्याकडे पोरी केसांना आणि चेहऱ्याला लावायला नेतात, खाणारे कमी. पण अल्झायमरमध्ये ज्याचा थोडा तरी दम दिसला त्या थोडक्या सप्लिमेंटमध्ये हे आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत सहाशेहून जास्त निवृत्त सैनिकांवर अभ्यास झाला, सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या, त्यांना रोज २००० युनिट दिलं, तर कपडे घालणं, आंघोळ, जेवण अशी रोजची कामं बिघडायचा वेग वर्षाला १९ टक्क्यांनी कमी झाला. स्मरणशक्तीत मात्र खास फरक नाही. आता २००० युनिट म्हणजे ४०० च्या पाच कॅप्सूल रोज, आणि एवढ्या डोसमध्ये रक्त पातळ होतं, ॲस्पिरिन किंवा वॉरफेरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्या माणसाला रक्तस्रावाची भीती. शिवाय ३५ हजार पुरुषांच्या एका दुसऱ्या अभ्यासात रोज नुसतं ४०० युनिट घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यामुळे न्यूरोलॉजिस्टनं बघून दिलं तर ठीक, स्वतःच्या मनानं नाही.

हळद. हिच्याबद्दल वाईट बोललं की लोकांना राग येतो, पण बोलावं लागतं. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी आढळलं, तिथून "भारतीय हळद खातात म्हणून" ही कथा सुटली आणि आजतागायत फिरून राहिली. पण त्या खेड्यातले लोक फक्त हळदच वेगळी खात होते का? शेतात राबणं वेगळं, वजन वेगळं, आयुष्य किती ते वेगळं, आजार नोंदवला जाणं वेगळं. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, आणि त्यातलंही पोटातून रक्तात फार थोडं जातं. मिऱ्यातल्या पायपेरिननं ते वाढतं हे खरं, पण अल्झायमरच्या पेशंटना कर्क्युमिन देऊन ज्या चाचण्या झाल्या त्यात फायदा दिसला नाही. आणि जास्त शोषलं जाणारं कर्क्युमिन घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस इटलीपासून अमेरिकेपर्यंत नोंदल्या गेल्यात. फोडणीतली हळद चालू द्या, हजार मिलीग्रॅमची कॅप्सूल कशाला?

ब्राह्मीचं जरा वेगळं. निरोगी लोकांमध्ये, काही वयस्कांमध्येही, बारा आठवडे रोज घेतल्यावर शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसलेले छोटे अभ्यास आहेत. अल्झायमरमध्ये मात्र भक्कम पुरावा नाही. पोट बिघडणं, मळमळ हा त्रास होतो, आणि डोनेपेझिलनंही पोट बिघडतं, दोन्ही सोबत दिले तर आजोबा जेवणच सोडतील. वर गंमत अशी की ब्राह्मी म्हणून विकली जाणारी वनस्पती कधी नीरब्राह्मी असते तर कधी मंडूकपर्णी, आणि दोन्ही वेगळ्या. ब्राह्मीचं तेल डोक्याला चोळल्यानं आजीला बरं वाटत असेल तर खुशाल चोळा, नातवंडानं दहा मिनिटं डोक्यावर हात फिरवला याचं मोल आहेच, मेंदूत मात्र त्यातलं काही उतरत नाही. अश्वगंधाही बरेच लोक देतात. थायरॉइडची गोळी सुरू असेल तर सांभाळा, त्यानं थायरॉइडचे आकडे हलतात, आणि लिव्हरच्या तक्रारी हिच्याही आहेत.

जिंकोचा निकाल लागलेला आहे. तीन हजारांवर लोक, ७५ आणि त्यापुढचे, सहा वर्षं, रोज दोनदा, आणि २००८ मध्ये उत्तर आलं की डिमेन्शिया टळत नाही. खोबरेल तेलाचं चमचे पाजणं त्याहून कच्चं, पुरावा जवळपास नाहीच, कोलेस्टेरॉल मात्र वाढतं.

मुलगा अमेरिकेत असलेल्या घरांमध्ये आणखी एक बाटली येते, प्रेव्हाजेन नावाची, त्यात जेलीफिशमध्ये सापडणारं एक प्रोटीन असतं. पोटात गेलं की ते कुठल्याही प्रोटीनसारखं पचून जाण्याचीच शक्यता जास्त. तिथल्या सरकारी यंत्रणेनं २०१७ मध्येच या कंपनीवर जाहिरातींबद्दल केस केली होती. पोरानं प्रेमानं पाठवलेली वस्तू आहे म्हणून कोणी काही बोलत नाही, आई रोज घेते, संपली की परत मागवतात.

ओमेगा ३ बद्दल: अल्झायमर झालेल्या ४०२ लोकांना दीड वर्ष रोज दोन ग्रॅम डीएचए (माशांच्या तेलातलं ओमेगा ३) दिलं, २०१० मध्ये निकाल आला, फरक शून्य. मासे खाणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया कमी दिसतो हे खरं, पण मासे आणि कॅप्सूल ही एकच गोष्ट नाही. आपल्या विदर्भात जवस आहे, जवसाची चटणी घरोघरी असते, त्यात वनस्पतीतलं ओमेगा ३ भरपूर. शरीर त्याचं डीएचए फार थोडं बनवतं, त्यामुळे जवसानं आठवण सुधारते असं मी म्हणणार नाही, पण भाकरीसोबत चटणी खाल्ली तर पोट साफ राहतं आणि कॅप्सूलचे पैसे वाचतात.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल मी आधी हसायचो, आता जरा कमी हसतो, कारण अमेरिकेतल्या कॉसमॉस नावाच्या मोठ्या अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांना रोज एक साधी मल्टिव्हिटॅमिन दिल्यावर स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडासा फायदा दिसला. लक्षात घ्या, हे लोक निरोगी होते. आणि थायरॉइडची टेस्ट करायची असेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवा, त्यात बायोटिन जास्त असलं तर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी द्या, आठवणीसाठी नाही.

बाटलीवरच एक ओळ असते जी कोणी वाचत नाही. आपल्या देशात हेल्थ सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचा मजकूर छापणं बंधनकारक आहे. समोर मेंदूचं चित्र, मागे ही ओळ. माझ्या मते महिन्याला सप्लिमेंटवर जे दीड-दोन हजार जातात ते साठवून कानाचं मशीन घ्यावं. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं १४ गोष्टी मोजल्या ज्या सांभाळल्या तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतो. त्यात ऐकू कमी येणं आहे, बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटं पडणं आहे. आपल्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडवणं हे कुठल्याही ब्रेन टॉनिकच्या वरचं काम आहे, पण त्याची जाहिरात कोण करणार.

आणि एक सप्लिमेंट असं आहे ज्याबद्दल कोणी विचारत नाही, खरं तर त्याचीच गरज पडते. आजार पुढे सरकला की माणूस बारीक होत जातो. जेवलो की नाही विसरतो, चव-वास कमी होतो, ताट समोर असून काय करायचं ते सुचत नाही. दोन-तीन महिन्यांत पँट ढिली झाली, अंगठी बोटातून निसटायला लागली तर वजन करा. इथं कॅलरी आणि प्रोटीन देणाऱ्या पावडरी उपयोगी पडतात, आठवण परत आणायला नाही, अंगात ताकद राहावी, पडू नये, जखमा भराव्या म्हणून. शुगर असेल तर डायबिटीसवाली पावडर घ्या, किडनी बिघडलेली असेल तर प्रोटीन किती चालेल ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. पावडर जेवणाच्या ऐवजी देऊ नका, दोन जेवणांच्या मधे द्या, नाहीतर भूक मरते. डबाच पाहिजे असंही नाही, दुधातला नाचणीचा सांजा, तूप घातलेली खिचडी, अंड्याची भुर्जी, दाण्याचा लाडू कुस्करून दुधात, हे सगळं तेच काम करतं. पांढऱ्या ताटात दहीभात वाढला तर त्यांना तो दिसतच नाही, रंगीत ताटलीत वाढा, एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा, हातात धरून खाता येईल असं द्या: धिरड्याचे तुकडे, संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी. पाणी पिताना ठसका लागायला लागला तर पाणी थोडं घट्ट करून द्यावं लागतं, आणि त्या वेळी स्पीच थेरपिस्टला दाखवा, गिळायचं कसं ते तेच बघतात, नुसतं बोलायचंच नाही. जेवताना सरळ बसवा आणि जेवणानंतरही अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.